उ: 2006 ची एफ-150, प्लग बदलण्याआधी

दादा, तुमच्या फोर्ड एफ-150 पिकअपचे स्पार्क प्लग बदलायचेत म्हणून वर कुणीतरी सांगितलंय की इंजिन चांगलं गरम करून घ्या आणि इम्पॅक्ट गन (झटके देत नट फिरवणारं यंत्र) लावून प्लग काढा, कृपा करून तसं करू नका. तुमच्या 2006 च्या गाडीत फोर्डचं 5.4 लिटर थ्री व्हॉल्व्ह ट्रायटन इंजिन असेल, तर 2004 ते 2008 च्या या इंजिनांचे प्लग मोडण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. कारण प्लगचा खालचा भाग लांब आणि वेगळा जोडलेला, त्याच्याभोवती कार्बन घट्ट बसतो, मग वरचं हातात येतं आणि खालची नळी हेडमध्येच (इंजिनच्या वरच्या भागात, जिथे प्लग बसतात) राहते.

फोर्डच्याच सर्व्हिस बुलेटिनमध्ये (मेकॅनिकसाठीच्या सूचनापत्रकात) इंजिन थंड हवं असं स्पष्ट होतं, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना आटे जातात. आधी प्लगच्या खड्ड्यातली माती हवेने उडवा, प्लग फक्त पाव फेरा सैल करा, कार्ब क्लीनर (कार्बन विरघळवणारं कार्ब्युरेटर क्लीनर) ओता आणि निदान 15 मिनिटं थांबा, मी तर रात्रभर ठेवा म्हणेन. मग हाताच्या रॅचेटने थोडं सैल, थोडं घट्ट, परत सैल, करकर आवाज आला की अजून क्लीनर, घाई अजिबात नको!

तरी मोडलाच तर लाइल 65600 नावाचा पुलर (अडकलेला तुकडा ओढून काढायचं अवजार) याच कामासाठी मिळतो, काम सुरू करायच्या आधीच आणून ठेवा. नवीन प्लग एकसंध बॉडीचे घ्या, टॉर्क रेंचने 34 न्यूटन मीटरवर आवळा, आणि प्लगवर बसणाऱ्या इग्निशन कॉइलचे रबरी बूट चिरलेले असतील तर तेही लगेच बदला, नाहीतर मिसफायर (ठिणगी चुकून इंजिन अडखळणं) तसाच राहील.