विजयायुक्त औषध, पोलीस दाखला आणि नोकरीपूर्व तपासणी : कोणती माहिती कोणाकडे जाते?

प्रश्न : डिचोलीकर
माझा धाकटा भाऊ प्रवासी जहाजावर रुजू होण्याच्या तयारीत आहे. अर्धशिशीने त्याची झोप पार उडाली होती, म्हणून गेल्या पावसाळ्यापासून तो फोंड्यातील वैद्यांच्या चिठ्ठीवर विजयायुक्त, म्हणजे भांगेच्या पानांच्या, तेलाचे थेंब घेतो. भरती करणाऱ्या एजंटाने आता पोलीस दाखला व वैद्यकीय तपासणी मागितली असून सोबत एक संमतीपत्र दिले आहे. कंपनी व तिचे प्रतिनिधी त्याची सर्व वैद्यकीय कागदपत्रे पाहू शकतील, असे त्यात सरसकट लिहिले आहे. कॅलिफोर्नियातील मावसभाऊ म्हणतो की, गांजा घेणाऱ्या रुग्णांचे कार्ड पार्श्वभूमी तपासणीत दिसतेच. घरात सगळ्यांना घोर लागला आहे. भाऊ काही चोरून करत नाही, मात्र त्याचे दुखणे चार ठिकाणी उघडे का पडावे?

उत्तर : वकील, पणजी
पोलीस दाखला देताना नोंदलेले गुन्हे आणि प्रलंबित खटले पाहिले जातात. वैद्यांची चिठ्ठी त्या दप्तरात जात नाही. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यातील गांजाच्या व्याख्येतून फुलोऱ्याच्या शेंड्यांविना असलेली पाने व बिया वगळलेल्या आहेत, आणि आयुर्वेदिक औषधांत विजयेची पाने १९४५च्या औषध नियमांतील अनुसूची ई(१)मध्ये, म्हणजे विषारी घटकांच्या यादीत, येतात. त्यामुळे वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना लेबलवर असावी लागते. ती सूचना आणि उत्पादन परवाना क्रमांक बाटलीवर आहेत का, हे आजच पाहा आणि चिठ्ठी व पावती जपून ठेवा.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या पुट्टस्वामी निकालात स्पष्ट केले आहे. डॉक्टरांनाही २००२च्या आचारसंहितेनुसार, न्यायालयाचा आदेश किंवा कळवणे बंधनकारक असलेला रोग असे मोजके अपवाद सोडता, रुग्णाची माहिती उघड करता येत नाही. परंतु आपणच सरसकट संमती लिहून दिली, तर या संरक्षणातले फारसे काही उरत नाही. संमती फक्त या तपासणीच्या निष्कर्षापुरती, म्हणजे पात्र की अपात्र एवढ्यापुरती, मर्यादित करून मागा. एजंटाने नकार दिल्यास तो लेखी घ्या.

उत्तर : सांग्याची मुलगी, सध्या सॅन होजे
मावसभावाची माहिती बरोबर नाही. इथे राज्याच्या नोंदवहीतील रुग्णांची नावे गोपनीय असतात. गुन्हेगारी नोंदींच्या तपासणीत ती येत नाहीत. शिवाय कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४पासून, काही नोकऱ्यांचा अपवाद वगळता, निव्वळ लघवीतील गांजाच्या निष्क्रिय अंशांवरून कामगाराला डावलता येत नाही. मात्र हे झाले त्या राज्याचे. अमेरिकी संघराज्याच्या कायद्यात गांजा निषिद्धच आहे आणि अमेरिकेचा व्हिसा त्याच कायद्याने मिळतो, म्हणून भावाने तिथला कोणताही नियम स्वतःला लावून घेऊ नये.

उत्तर : प्रयोगशाळा तंत्रज्ञ, म्हापसा
खरी अडचण लघवीच्या चाचणीची आहे. अमेरिकी संघराज्याच्या मानकांनुसार गांजाच्या अंशासाठी प्राथमिक चाचणीची मर्यादा दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम आणि खात्रीच्या चाचणीची १५ नॅनोग्रॅम असते. खात्रीच्या चाचणीतही तो अंश वैद्यांच्या तेलातून आला की चिलमीतून, हे कळत नाही. हा अंश चरबीत साठतो, त्यामुळे नियमित घेणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडे सापडू शकतो. म्हणून नमुना देण्यापूर्वीच चिठ्ठीची प्रत बंद पाकिटात तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या हाती द्यावी, एजंटाच्या किंवा एचआरच्या हाती नव्हे.

उत्तर : निवृत्त तारवटी, वास्को
नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या डॉक्टरांकडेच तपासणी करून घ्या आणि तेलाचे नाव त्यांना स्पष्ट सांगा. चिठ्ठी दाखवली तरी कंपनी नकार देऊ शकते, कारण अनेक जहाज कंपन्यांचे नियम या बाबतीत कुठलीच सवलत देत नाहीत. एक विनंती कळकळीने करतो : बाटली सामानात घालून भावाला बोटीवर पाठवू नका. सिंगापूर किंवा दुबईच्या बंदरात भारतीय वैद्यांची चिठ्ठी उपयोगी पडत नाही आणि तिथे तुरुंगाशीही गाठ पडू शकते. अर्धशिशीवर दुसरी औषधे आहेत. निघण्याच्या बऱ्याच आधी वैद्यांशी आणि मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून बदल करून घ्या, म्हणजे समुद्रावर अचानक औषध बंद पडून त्याचे हाल होणार नाहीत.