‘टू किल अ मॉकिंगबर्ड’वर वाचनगटात चर्चा घ्यायची आहे : कोणती प्रकरणे घ्यावीत, सोबत काय वाचावे?

शब्दसखी

नमस्कार. आमच्या वाचनगटाने पुढच्या बैठकीसाठी हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही 1960 सालची कादंबरी निवडली आहे. बहुतेकांनी ती महाविद्यालयात असताना वाचली होती आणि आता विचारले तर सर्वांच्या लक्षात राहिला आहे तो एकटा अॅटिकस फिंच. सज्जन वकील, दुष्ट गाव आणि निरपराध कृष्णवर्णीय आरोपी, एवढ्यावरच चर्चा आटोपेल अशी मला धास्ती वाटते. वर्णद्वेष तर आहेच. पण गोऱ्यांच्या आपापसातही जी उतरंड या कादंबरीत दिसते, तिच्याकडे गटाचे लक्ष वेधायचे आहे. त्यासाठी कोणती प्रकरणे पुन्हा वाचायला सांगावीत आणि जोडीला एखादे पुस्तक किंवा खऱ्या खटल्याची माहिती द्यावी का, याबद्दल जाणकारांनी सल्ला द्यावा. चित्रपट दाखवण्याबद्दल आमच्यात दोन तट पडले आहेत.

पैलतीर

एकतीस प्रकरणांच्या या कादंबरीत प्रत्यक्ष खटला 17 ते 21 या पाच प्रकरणांत आटोपतो. तेवढी सर्वांना पुन्हा वाचायला सांगा. मात्र चर्चेची सुरुवात अॅटिकसपासून न करता टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय माणसावर बलात्काराचा आरोप करणाऱ्या मायेला युएल या गरीब गोऱ्या मुलीपासून करा, असा माझा आग्रह आहे.

मायेला एकोणीस वर्षांची आहे. गावाच्या उकिरड्यामागे, पूर्वी कृष्णवर्णीयांच्या असलेल्या एका खोपटात ती दारुड्या बापाबरोबर आणि धाकट्या भावंडांबरोबर राहते, आणि त्या घाणीत फुटक्या भांड्यांतून तिने लाल फुलांची रोपे जपली आहेत. अॅटिकस तिला उलटतपासणीत आदरार्थी संबोधतो, तेव्हा तो आपली थट्टा करतो आहे असे तिला वाटते, कारण इतक्या अदबीने तिच्याशी आजवर कोणी बोललेलेच नाही. भावंडांना आइस्क्रीम खायला पाठवून घर रिकामे करता यावे, म्हणून तिने वर्षभर नाणी साठवली होती, हे टॉम रॉबिन्सनच्या साक्षीतून कळते. पुरावा तर उघड आहे. तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार आहे, बाप डावखुरा आहे आणि टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला आहे.

तरीही टॉम हरतो, आणि ज्या क्षणी तो हरतो तो क्षण गटाने बारकाईने वाचावा. तिची सगळी कामे फुकट का करत होतास, या सरकारी वकिलाच्या प्रश्नावर तो म्हणून जातो की त्याला तिची कीव येत होती. खरे तर सारे गाव युएल कुटुंबाला तुच्छ मानते, त्यांना कोणी दारात उभे करत नाही. पण गोऱ्यांनी गोऱ्यांना हीन लेखणे ही घरातली गोष्ट. कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्या बाईची कीव करणे म्हणजे अख्खी उतरंड उलटी करणे. वर्ण आणि वर्ग यांची गाठ कादंबरीत इतकी स्पष्ट दुसऱ्या कुठल्या जागी दिसत नाही.

यानंतर 23वे प्रकरण घ्या. त्यात अॅटिकसचा मुलगा जेम गावातल्या माणसांचे चार थर सांगतो : आपल्यासारखे, मग रानातले कनिंगहॅम, मग उकिरड्याजवळचे युएल आणि सर्वांत खाली कृष्णवर्णीय. एका मुलाच्या तोंडी ही मांडणी घालून लेखिकेने बरेच काम उरकले आहे. त्याच प्रकरणात असेही कळते की ज्यूरीत टॉमला निर्दोष सोडण्यासाठी अडून बसलेला एकमेव माणूस कनिंगहॅमांपैकीच होता, म्हणजे टॉमला मारायला तुरुंगावर चालून आलेल्या जमावातल्याच कुळाचा.

काळा कोट

मी वकिली केली आहे, त्यामुळे ज्यूरीबद्दल थोडे लिहितो. 23व्या प्रकरणात जेमचा प्रश्न आहे की ज्यूरीत गावातली, शेजारच्या मिस मॉडीसारखी माणसे का नसतात. मिस मॉडी बसू शकत नाही, कारण कादंबरी जिथे घडते त्या अलाबामा राज्यात त्या काळी स्त्रियांना ज्यूरीत बसण्याचा हक्कच नव्हता. पुरुष बसत नाहीत, कारण दुकानदाराला गिऱ्हाईक गमवायचे नसते. प्रतिष्ठितांनी अंग काढून घेतल्यावर बारा खुर्च्यांवर गरीब गोरे शेतकरी उरतात, आणि मग अन्यायाचे खापर त्यांच्या अडाणीपणावर फोडून कादंबरीतल्या मेकोम गावातले सुस्थित लोक मोकळे होतात. हा मुद्दा गटात जरूर काढा.

जोडीला स्कॉट्सबरो खटला वाचा. मार्च 1931 मध्ये अलाबामातल्या एका मालगाडीवरून नऊ कृष्णवर्णीय मुलांना उतरवण्यात आले आणि दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. पुढच्याच महिन्यात त्यांपैकी आठ जणांना मृत्युदंड सुनावण्यात आला. आरोप करणाऱ्या दोघीही कापड गिरणीतल्या गरीब कामगार होत्या, आणि त्यांच्यापैकी रुबी बेट्सने 1933 मध्ये बचाव पक्षाच्या बाजूने साक्ष देऊन असे काही घडलेच नव्हते, असे सांगितले. तरी ज्यूरीने आरोपीला दोषीच ठरवले. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी तो निकाल रद्द केला आणि पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले. कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून पद्धतशीर वगळणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकरणात 1935च्या एप्रिलमध्ये दिला. कादंबरीतला खटला त्याच उन्हाळ्यातला आहे आणि तिथली ज्यूरी पूर्णपणे गोरी आहे.

ज्यूरी ही परकी गोष्ट आहे असे गटात कोणी म्हणाल्यास हिंदी न्यायाधीशांना युरोपीयांवर खटले चालवू देणाऱ्या इल्बर्ट विधेयकाची आठवण द्यावी. 1883 च्या गदारोळानंतर जी तडजोड झाली, तिच्यानुसार हिंदुस्थानातल्या युरोपीय आरोपीला निम्म्या गोऱ्यांची ज्यूरी मागता येत असे.

अनुस्वार

वरील दोन्ही प्रतिसाद पटले, तरी एक तक्रार नोंदवतो. मायेलाला इतके महत्त्व देताना टॉम मागे पडू नये. त्याची बायको, तीन मुले आणि त्याचे घर आपल्याला जेमतेम दिसते. 24व्या प्रकरणात तो तुरुंगातून पळताना सतरा गोळ्या लागून मरतो, आणि तीही बातमी चहापानाच्या मध्येच आत येते. शिवाय अॅटिकस कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक टोळीला 1920च्या आसपासची जवळजवळ एक राजकीय संघटना म्हणून किरकोळीत काढतो, तेव्हा आजच्या वाचकाने थांबायला हवे. कृष्णवर्णीयांची बाजू या कादंबरीत गोऱ्यांच्या नजरेनेच येते, फिंचांकडे स्वयंपाक करणाऱ्या कृष्णवर्णीय कॅलपर्नियाच्या चर्चचे 12वे प्रकरण हा थोडासा अपवाद.

म्हणून माझी शिफारस रिचर्ड राइट यांच्या ‘नेटिव्ह सन’ची (1940). शेवटच्या भागात तिथेही खटला आहे, पण आरोपी बिगर थॉमस निरपराध नाही आणि वाचकाला त्याच्यावर प्रेम करण्याची सोय ठेवलेली नाही. कृष्णवर्णीयांच्या संस्थांना देणग्या देणारे डाल्टन ज्या कंपनीचे मालक आहेत, तीच बिगरच्या कुटुंबाकडून उंदरांच्या खोलीचे भाडे वसूल करते. वर्गाबद्दल बोलायचे असेल तर याहून थेट उदाहरण मिळणार नाही. पुस्तक जाड आहे, त्यामुळे सर्वांना सांगू नका. एक-दोघांनी वाचून सांगावे.

शब्दसखी

सर्वांचे मनापासून आभार. स्कॉट्सबरोवर टिपण मीच करीन. गटातल्या तरुण मुलांचा प्रश्न असा की हे सारे नव्वद वर्षांपूर्वीचे आहे, मग आज त्यावर का बोलायचे? शिवाय चित्रपटाचे राहिलेच.

पैलतीर

त्यांना ब्रायन स्टीव्हन्सन यांचे ‘जस्ट मर्सी’ (2014) हे खऱ्या खटल्यांवरचे पुस्तक द्या. त्यातला वॉल्टर मॅकमिलियन हा कृष्णवर्णीय माणूस मनरो काउंटीचा, म्हणजे जिथल्या मनरोव्हिलमध्ये हार्पर ली जन्मल्या आणि ज्याच्यावरून मेकोम रेखाटले, त्याच परिसरातला. घटनेच्या वेळी तो घरी होता असे सांगणारे अनेक साक्षीदार असताना 1988 मध्ये त्याला खुनाबद्दल दोषी ठरवण्यात आले. ज्यूरीने जन्मठेप सुचवली असताना न्यायाधीशांनी मृत्युदंड सुनावला, आणि तो 1993 मध्ये निर्दोष सुटला. ज्यांच्या साक्षीवर विश्वास ठेवला गेला नाही, ते बहुतेक त्याच्यासारखेच कृष्णवर्णीय होते, एवढे सांगितले तरी तरुण मंडळी बोलू लागतील.

1962चा चित्रपट बैठकीनंतरच दाखवा. ग्रेगरी पेक यांचे काम ऑस्करच्या तोलाचे आहे आणि ते त्यांना मिळालेही. पण कृष्णवर्णीय स्त्रीबरोबर राहणारा गोरा जमीनदार डॉल्फस रेमंड आणि कुळाचा अभिमान मिरवणारी आत्या अॅलेक्झांड्रा ही पात्रे त्यात नाहीत, म्हणजे तुम्हाला हवी असलेली उतरंड तिथे बरीच सपाट झाली आहे. आधी पाहिला तर पुन्हा अॅटिकसच सर्वांच्या डोक्यात राहील.