जुन्या गाण्यांचा चित्रपट-अल्बम: मूळ तबकडी की नवं ध्वनिमुद्रण?

गोदाकाठ
समजा, चित्रपट १९६० च्या जालन्यात घडतो. अल्बममध्ये एक कव्वाली, एक नाट्यपद, दोन हिंदी चित्रपटगीतं, लावणी, नाथांचं भारूड आणि एक भीमगीत. काहींना ही मोट विजोड वाटेल, पण मराठवाड्याचा कान तसाच होता. १९४८ पर्यंत निजामी राजवट, म्हणून उर्दू ओळखीची; गावोगाव सप्ताह; आणि रेडिओवर सिलोन, म्हणजे श्रीलंकेहून हिंदी गाणी लावणारं केंद्र. कारण १९५२ नंतर आकाशवाणीने हिंदी चित्रपटगीतं जवळपास बंदच केली होती, विविधभारती आली १९५७ ला.

माझं मत: सगळी गाणी मूळ तबकडीवरूनच घ्या. नव्याने गाऊन घेतलेलं जुनं गाणं मुखड्यालाच उघडं पडतं. त्या काळी बहुतेकदा एक-दोन माइकांभोवती अख्खा ताफा बसायचा. गायक पुढं, तबला बाजूला, व्हायोलिनं मागं. कोण किती लांब बसलंय, त्यावरच आवाजांचा तोल ठरायचा. आज एकेक वाद्य वेगळं मुद्रित होतं, तेही कानात क्लिक (एकाच लयीची टिकटिक) लावून. भारुडाची लय चढत जाते. क्लिकवर ती जागची हलत नाही.

पेटीमास्तर
मूळ तबकडी म्हणायलात, पण तिच्यातलं बाहेर काढायचं कसं? ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकडीला साधारण ३ मिलची सुई लागते; मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एलपीची (नंतरच्या, बारीक खाचेच्या तबकडीची) १ मिलची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घासते आणि गाण्याआधी खरखरच येते. दुसरं, आजच्या प्रीअँपमध्ये (सुईचा आवाज वाढवणाऱ्या उपकरणात) आरआयएए वक्र असतो, म्हणजे वरचे सूर उतरवायचं नि खालचे चढवायचं ठरीव प्रमाण. तो १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल खाली ओढतो. बऱ्याच ७८ तबकड्यांना एवढा उतार नकोच असतो. मग आवाज दबका येतो आणि लोक म्हणतात, 'जुनं रेकॉर्डिंग असंच असतं'. असं नसतं हो!

वेगाचंही तेच. ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघांची स्ट्रोब चकती (वेग तपासायची) स्थिर दिसली, म्हणजे मिनिटाला ७७.९२ फेरे. चकतीवर निऑनचा दिवा धरा, बहुतेक एलईडी पुरेसे लुकलुकत नाहीत. तरी स्वर बसत नसेल तर पेटीची पट्टी शोधून तपासा, कारण तबकड्या कापतानाच वेग मागं-पुढं व्हायचा.

आणि चित्रपटातलं गाणं नि तबकडीवरचं गाणं नेहमी सारखं नसतं. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावतात. कडवं गळतं, मधलं संगीत छाटलेलं असतं.

दस्तऐवज
दोघांनीही परवानगीचं काढलं नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. १९५८ ला निघालेल्या तबकडीचा हक्क २०१८ अखेर संपला. पण शब्द आणि चाल वेगळी: कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गीतकार गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत राखीव. बाबूजी (संगीतकार सुधीर फडके) २००२ ला गेले, त्यांच्या चाली २०६२ पर्यंत. तबकडी मोकळी झाली म्हणून गाणं मोकळं होत नाही. नव्याने गाऊन घेतलं तरी या दोन परवानग्या चुकत नाहीत, फक्त तबकडीवाल्या कंपनीची वाचते.

म्हणून निवडच हुशारीनं करा. एकनाथांचं भारूड, अठराव्या शतकातल्या सिराज औरंगाबादींची गझल: शब्द कोणाच्याच मालकीचे नाहीत, चाल पारंपरिक घ्या किंवा नवी बांधा. ही दोन खुशाल नव्याने मुद्रित करा.

गोदाकाठ
भारूड मान्य. पण गझल नवी गाऊन घेतली की लगेच मागं सिंथचं अंथरूण पसरतात, त्याचं काय? आणि ज्या गाण्याची ओळखच गायकाच्या गळ्यावर आहे, ते दुसऱ्याकडून कशाला? तिथं खरखर परवडली.

दुधना_बँड
खरखर प्रसंगात चालते, अल्बममध्ये कानाला टोचते. हॉटेलातल्या रेडिओवर गाणं वाजतंय तर १५० ते ४५०० हर्ट्झमधलाच आवाज ठेवा, सिलोन असेल तर हळूहळू विरणारा आवाज द्या. तिथं नवं-जुनं कुणाला कळत नाही. भांडण अल्बमपुरतंच आहे.

पेटीमास्तर
अल्बमसाठी क्रम सांगतो. तबकडी डिस्टिल्ड पाण्यानं पुसा, ७८ ला स्पिरिट लावू नका, तिच्यातली लाख विरघळते. स्टिरिओ पिकअपचे दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो घ्या; खाचेतली वरखाली होणारी खरखर बरीचशी तिथंच कटते. संगणकात ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवा. आधी एकेक टकटक काढा, सरसकट सफाई शेवटी आणि थोडीच. जास्त झाली की तंबोऱ्याची जवारी (तारांची गुंजन) जाते, पेटी पाण्याखालून वाजल्यासारखी येते.

सगळ्यात जास्त बिघडतं ते दोन गाण्यांमधल्या जागेत. खरखरीची तबकडी संपली आणि एकदम डिजिटल शांतता आली की कान दचकतो. तबकडीच्या रिकाम्या खाचेतला सेकंदभर आवाज गाण्याआधी चढता आणि नंतर उतरता ठेवा. नवं भारूड जुन्या कव्वालीला चिकटून ठेवू नका; मध्ये एलपीवरून घेतलेलं गाणं टाका, तफावत दोन पायऱ्यांत उतरते.

गोदाकाठ
आणि ते भारूड मोनोतच मुद्रित करा. एकच माइक, टाळकरी चार पावलं मागं. एवढं पाळणार असाल तर त्या एका गाण्यापुरता माझा विरोध नाही. लावणीला आहे.