मदत हवी आहे : आबांना अमेरिकन फुटबॉल मराठीत कसा समजावू? ९ फेब्रुवारी २०२५ च्या आत

नमस्कार मंडळी,

आम्ही फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, तासाभराच्या अंतरावर राहतो. माझे सासरे, म्हणजे आबा, नोव्हेंबरपासून आमच्याकडे आहेत. वय ७६, कराडकडे शाळेत शिक्षक होते. तरुणपणी मंडळाच्या संघातून कबड्डी खेळायचे, कोपरारक्षक. मुलगा ११ वर्षांचा आहे आणि इथला फुटबॉल संघ ईगल्स म्हणजे त्याचा जीव की प्राण.

यंदा ईगल्स सुपर बोलमध्ये, म्हणजे वर्षाच्या अंतिम सामन्यात, पोचलेत. येत्या ९ तारखेला, रविवारी, न्यू ऑर्लिन्सला कॅन्सस सिटी चीफ्सबरोबर सामना आहे. आबांचं परतीचं विमान १३ ला. पोराचं एकच चाललंय, आबांनी माझ्या शेजारी बसून पूर्ण मॅच बघायची. आबांचीही मनापासून इच्छा आहे. अडचण अशी की पोरगं इंग्रजीत भराभर सांगत सुटतं, आबा "हां हां" म्हणतात आणि त्यांना काही कळलेलं नसतं. पोराला मराठी समजतं, पण या खेळाचे मराठी शब्द आमच्या घरात कुणाकडेच नाहीत. नवरा फक्त क्रिकेट बघतो. मला स्कोअर कळतो, त्यापुढे फारसं नाही.

१९ जानेवारीला रॅम्सविरुद्धची मॅच तिघांनी मिळून पाहिली. बर्फ पडत होता, मैदान पांढरं झालेलं. शेवटच्या पावात, म्हणजे चौथ्या क्वार्टरमध्ये, ईगल्सचा सेकन बार्कली ७८ यार्ड पळत सुटला आणि टचडाउन झाला, तेव्हा पोरानं सोफ्यावरून उडी मारून थेट आबांच्या गळ्याला मिठी मारली. आबांनी हसून त्याची पाठ थोपटली. मग तो पाणी प्यायला आत गेल्यावर हळूच मला म्हणाले, "पोरी, तो पळाला ते कळलं. पण मघाशी दोन-दोन पावलांत आडवा होत होता, तेव्हाही लोक टाळ्या वाजवत होते. ते का?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ते मनात राहिलंय.

तर कुणी जाणकार आबांना कळेल अशा भाषेत सांगेल का? दर दहा सेकंदांनी खेळ का थांबतो, चार वेळा काय करायचं असतं, आणि या चीफ्सना सगळे एवढे का घाबरतात? पोराला चीफ्सचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो.

प्रतिसाद – एडिसन, न्यू जर्सी

ताई, आबा कबड्डीवाले आहेत म्हणजे तुमचं अर्धं काम झालंय. सॉकर किंवा क्रिकेटवरून समजवायला जाऊ नका, गोंधळ वाढेल. कबड्डीवरूनच सांगा.

कबड्डीत मध्यरेषा एका जागी असते. इथली मध्यरेषा सरकते, हे एकदा डोक्यात बसलं की खेळ उलगडतो. मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा एंड झोन. ज्याच्याकडे चेंडू त्याची चढाई. अकरा जण चढाई करतात, अकरा जण पकड करतात. चेंडूवाल्याची पकड झाली, गुडघा टेकला, की ती चढाई संपली. आता जिथं तो पडला तिथं नवी मध्यरेषा आणि पुढची चढाई तिथून सुरू. म्हणून खेळ थांबतो. ती विश्रांती नसते, दोन्ही बाजू पुढच्या चढाईचा डाव ठरवत असतात.

आता आबांच्या टाळ्यांचं. एका संघाला चार चढाया मिळतात आणि त्यात मिळून दहा यार्ड पुढं जावं लागतं. दहा झाले की हिशोब कोरा, पुन्हा नव्या चार. म्हणजे पहिल्या तीन चढायांत नऊ यार्ड झाले असतील, तर पुढचा गडी दोन पावलं जाऊन पालथा पडला तरी सगळं स्टेडियम उभं राहतं. त्या दोन पावलांनी चार नव्या चढाया कमावलेल्या असतात. टीव्हीवर मैदानात पिवळी रेघ दिसते ना, तीच ती दहा यार्डांची. ती फक्त पडद्यावर असते, मैदानात नसते. मैदानाच्या कडेला माणसं खरोखरची दहा यार्डांची साखळी घेऊन उभी असतात. आबांना ती साखळी जरूर दाखवा.

चौथी चढाई म्हणजे प्रो कबड्डीतली तिसरी चढाई, करो या मरो. तिथं जमलं नाही तर चेंडू त्याच जागेवर समोरच्याला. म्हणून बहुतेक संघ चौथ्या वेळी चेंडू लाथेनं लांब मारून देतात, म्हणजे समोरच्याला निदान दुरून सुरुवात करावी लागते. खांब जवळ असले तर खांबांमधून मारतात, त्याचे ३ गुण. एंड झोनमध्ये चेंडू नेला, म्हणजे टचडाउन झाला, तर ६, वर लाथेनं १, किंवा पुन्हा एकदा घुसून २.

सुरुवातीला एवढं पुरे. दंड, फाउल वगैरे आबा विचारतील तेव्हा सांगा.

प्रतिसाद – सोलापूर

मी शाळेत कबड्डी शिकवतो. हा खेळ आयुष्यात पाहिलेला नाही, पण वरचं वाचून हे पाच यार्ड, दहा यार्ड समजले, एडिसनकरांचे आभार. एक भर घालतो. आबांच्या तरुणपणी तिसऱ्या चढाईचा नियम नव्हता, तो प्रो कबड्डीमुळे २०१४ नंतर लोकांच्या तोंडी बसला. त्यांनी टीव्हीवर पाहिला असेल तर ठीक, नाहीतर आधी विचारून घ्या.

आणि कोपरारक्षक माणसाला चढाईपेक्षा पकड लवकर कळते. त्यांना चेंडूकडे बघायला लावू नका. बचाव करणारे कुठं उभे राहतात, कोण आत शिरतो, कोण थांबून वाट बघतो, ते बघायला सांगा. कोपऱ्याचा माणूस आधी चढाईपटूचे पाय वाचतो.

प्रतिसाद – एडिसन, न्यू जर्सी

सर, लाख बोललात. मग आबांना ईगल्सचा ९८ नंबर दाखवा, जेलन कार्टर. त्याच रॅम्सच्या मॅचमध्ये, शेवटी रॅम्स जवळ आले होते तेव्हा यानं त्यांच्या स्टॅफर्डला चेंडू फेकायच्या आधीच धरून पाडला. फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक, मध्यरेषेच्या मागंच आडवा झाला तर त्याला सॅक म्हणतात. आबांच्या भाषेत अव्वल पकड. मॅच २८-२२ नं सुटली ती या पकडींमुळेच, बार्कलीच्या २०५ यार्डांचं सगळे बोलतात, पण पकड नसती तर ते वाया गेले असते.

आणि २६ तारखेची कमांडर्सविरुद्धची मॅच रेकॉर्ड केली असेल तर तिच्यातला एकच तुकडा लावा. ईगल्सना एक यार्ड हवा असला की त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स चेंडू पोटाशी धरतो आणि मागचे दोघं-तिघं त्याला ढुंगणाला खांदा लावून ढकलतात. तो डाव सहसा कुणाला थांबवता येत नाही. कमांडर्सचा लुवू त्यावर उपाय म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांच्या डोक्यावरून उड्या मारायला लागला. एकदा, पुन्हा एकदा. शेवटी पंचांनी माइकवर सांगितलं, आता असंच चाललं तर गुण सरळ ईगल्सना देऊन टाकू. त्या मॅचला ईगल्सनी ५५ केले, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलच्या आधीच्या फेरीत, इतके कुणीच कधी केले नव्हते. आबा ती ढकलाढकली बघून खूश होतील, लिहून ठेवा.

प्रतिसाद – कॅन्सस सिटी

ताई, मी चीफ्सची. तरी आबांसाठी लिहिते.

आम्हाला लोक का घाबरतात ते आकड्यांत सांगता येतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये जिंकलो, २०२४ मध्ये जिंकलो, आता सलग तिसरा जिंकायला उतरतोय. सलग तीन सुपर बोल आजवर कुणीही जिंकलेले नाहीत. पण खरं कारण वेगळं आहे. आमचा संघ मोठ्या फरकानं जिंकत नाही, शेवटच्या दोन मिनिटांत जिंकतो. आमचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स, त्याला घड्याळ दिसलं की तो शांत होतो.

आत्ताच २६ तारखेला बफेलोविरुद्ध बघा. चौथ्या पावाची सुरुवात, बफेलो एका गुणानं पुढं, २२-२१. चौथी चढाई, एकच यार्ड हवा. त्यांचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन स्वतः घुसला. पंच म्हणाले, नाही पोचला. बफेलोवाले अजून म्हणतात पोचला होता, आणि मलाही शंभर वेळा बघून खात्री देता येत नाही. चेंडू आमच्याकडे आला, आम्ही टचडाउन केला आणि शेवटी ३२-२९ नं जिंकलो. एका हाताच्या अंतरावर अख्खं वर्ष ठरतं या खेळात.

तुमच्या मुलाच्या पोटात गोळा का येतो तेही मला माहीत आहे. २०२३ चा सुपर बोल याच दोन संघांत होता. ३५-३५, दोन मिनिटांहून कमी उरलेली, आणि ईगल्सच्या ब्रॅडबेरीनं आमच्या खेळाडूचा शर्ट धरला म्हणून दंड झाला. त्यामुळे आम्हाला नव्या चढाया मिळाल्या, आम्ही घड्याळ चालू दिलं, आणि ८ सेकंद उरलेली असताना आमच्या बटकरनं लाथेनं ३ गुण मारले. ३८-३५. ब्रॅडबेरीनं नंतर स्वतःच कबूल केलं की मी धरलं होतं. मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून फार आदर आहे.

आबांना आणखी एक सांगा, हे नातंही गुंतलेलं आहे. आमचे कोच अँडी रीड १९९९ ते २०१२ तुमच्याच ईगल्सचे कोच होते. तिथं त्यांना सुपर बोल मिळाला नाही, इकडे येऊन तीन मिळाले.

प्रतिसाद – पुणे

मी इथं सोमवारी पहाटे पाचला उठून बघणार. तुमच्याकडे संध्याकाळी साडेसहा. ताई, एक व्यवहाराची सूचना : खेळ ६० मिनिटांचा लिहिलेला असला तरी साडेतीन-चार तास धरा. मध्यंतर नेहमीपेक्षा मोठं असतं, यंदा रॅपर केंड्रिक लमारचा कार्यक्रम आहे. ७६ वर्षांच्या माणसाला त्या वेळात जेवायला वाढा. मऊ भात, गरम आमटी. सगळे चिकन विंग्ज खातात म्हणून आबांनी खायला पाहिजेत असं नाही.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू!

काल रात्री जेवणानंतर टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. पोरानं स्केचपेननं रेघा मारल्या. ईगल्सचे फुटाणे, चीफ्सचे शेंगदाणे, अकरा-अकरा मोजून. चेंडू म्हणून आबांनी डब्यातून खारीक काढली, आकार अगदी तोच. दहा यार्डांच्या साखळीसाठी माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा कापला.

मी फक्त "मध्यरेषा सरकते" एवढं वाक्य म्हटलं. आबा मिनिटभर गप्प राहिले. मग त्यांनी स्वतःच खारीक तीन रेघा पुढं सरकवली, दोरा लावून बघितला आणि म्हणाले, "सात राहिले." पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. त्यानंतर दीड तास मी तिथं नव्हतेच म्हणा ना. पोरगं "आबा, आता पकड!" म्हणत होतं, आबा "थांब, आधी त्याचे पाय बघ" म्हणत होते. सोलापूरच्या सरांना हे मुद्दाम सांगायचं होतं.

पंट, म्हणजे चौथ्या वेळी चेंडू लाथेनं लांब मारून देणं, मात्र आबांना पटत नाही. "हातातला चेंडू आपण होऊन का द्यायचा?" यावर दोघांचा वाद झाला. शेवटी पोरानं खारीक आपल्याच एंड झोनपाशी ठेवली, चौथी चढाई फसवून दाखवली आणि शेंगदाणे पाच रेघांत आत आणले. आबा म्हणाले, "मग बरोबर आहे."

पोरानं फ्रिजवर चिकटवायला कागद केलाय. त्यावर चढाई, पकड, साखळी, अव्वल पकड, असं देवनागरीत लिहिलंय. 'ढ' उलटा आहे, पण मी दुरुस्त केला नाही. ९ तारखेला बार्कलीचा २८ वा वाढदिवस आहे हे त्यानं आबांना सांगितल्यापासून आबा म्हणतायत, त्या दिवशी शिरा कर.

आबांचा एक प्रश्न राहिला : कबड्डीत नाणेफेक जिंकणारा अंगण नाहीतर चढाई निवडतो. इथं जिंकल्यावर काय मागायचं असतं?

प्रतिसाद – एडिसन, न्यू जर्सी

आबांना सांगा, जिंकणारा बहुतेक वेळा चेंडू मागत नाही. तो निवड दुसऱ्या अर्धापुरती राखून ठेवतो, म्हणजे मध्यंतरानंतरचा पहिला चेंडू आपल्याला मिळतो. पहिल्या अर्धात शेवटची चढाईही साधली तर मध्ये समोरच्याला चेंडू न देता लागोपाठ दोनदा गुण करता येतात. मध्यंतराच्या आधीची दोन मिनिटं म्हणून महत्त्वाची, तेव्हा आमटी गरम करायला उठू नका.

आबांना माझा नमस्कार. गो बर्ड्स!

प्रतिसाद – कॅन्सस सिटी

आबांना माझाही नमस्कार. आणि लेकाला सांगा, आमच्याकडेही त्या रात्री शिरा असणार आहे.