तलवारींची पंजी: पोकळ विजय की सरळ हार?

कोरी_चिठ्ठी
टॅरोतलं, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांतलं फाइव्ह ऑफ स्वोर्ड्‌स, आपल्या पत्त्यांच्या भाषेत तलवारींची पंजी. ती निघाली की मुंबईतले बरेच टॅरोवाले एकच कॅसेट लावतात: ‘पोकळ विजय आहे, वाद सोडून द्या.’ माझ्या मते हा अर्धाच अर्थ आहे, आणि बऱ्याचदा भलत्यालाच सांगितला जातो.

वेटच्या संचासाठी चित्रकार पामेला कोलमन स्मिथने काढलेलं १९०९ चं चित्र समोर घ्या. पुढे एक माणूस, डाव्या खांद्यावर दोन तलवारी, उजव्या हातात तिसरी, टोक जमिनीकडे. दोन तलवारी मातीत पडलेल्या. मागे दोघं पाण्याच्या दिशेने पाठमोरे निघालेत, त्यातल्या लांबच्याने तोंड ओंजळीत धरलंय. आभाळ फाटलेलं. म्हणजे तिघांत हरलेले दोन. तरी विचारणाऱ्याला सरसकट पुढच्या माणसाच्या जागी बसवतात, का तर तो मोठा दिसतो! सोसायटीच्या कमिटीने ज्याचं पार्किंग काढून घेतलं, त्याला ‘तुमचा विजय पोकळ’ म्हणून काय मिळणार?

म्हणून पत्ता उलटण्याआधी एवढं विचारा: आत्ता तलवार कुणाच्या हातात आहे? सही, चावी, ताबा, पैसा यांपैकी काय कुणाकडे? उत्तर कागदावर लिहा, मग पत्ता उघडा. नंतर विचारलंत तर समोरचा चित्र बघून स्वतःची जागा ठरवतो.

गिरगाव_७८
मुळात ‘पोकळ विजय’ आला कुठून? संच करवून घेणाऱ्या वेटने आपल्या पुस्तकात दिलेले अर्थ बघा: अधःपतन, नाश, शब्द फिरवणं, बदनामी, बेअब्रू, तोटा. उलटा पडला तरी तेच, वर दफन आणि उत्तरक्रिया. गोल्डन डॉन या इंग्लंडातल्या गूढविद्येच्या मंडळात या पत्त्याचं नावच पराभवाचा स्वामी, आणि त्याच परंपरेतल्या क्रॉलीच्या थॉथ नावाच्या संचात पत्त्यावर छापलेला शब्द ‘पराभव’. हार ती हार. विजय आपण चित्रात घुसडलाय. गिऱ्हाइकाला कडू बातमी द्यायला जीभ रेटत नाही, म्हणून तिला साखर लावायची.

कोरी_चिठ्ठी
वेट अर्धाच वाचलात. अर्थांच्या आधी त्याने चित्राचं वर्णन केलंय, त्यात पुढचा माणूस तुच्छतेने बघतोय आणि मैदान त्याच्याच ताब्यात आहे, असं स्पष्ट म्हटलंय. जिंकलेला आहेच. बदनामी त्याची की त्या दोघांची, एवढंच वेटने सांगितलेलं नाही.

शिवडी_बंदर
एवढा कीस कशाला? आपल्याकडे तयार वाक्य आहे: गड आला पण सिंह गेला. १६७० चा कोंढाणा. पत्त्याचा अर्थ तोच.

गिरगाव_७८
तो अजिबात नाही. कोंढाण्यावर गेलेल्या माणसाचं दुःख जिंकणाऱ्यालाच झालं होतं, आणि गड घेण्याजोगा होता. इथला गडी मागे बघून हसतोय. म्हणच हवी तर कोर्टाची घ्या: जिंकला तो हरला, हरला तो मेला. शांतिपर्वाच्या सुरुवातीला युधिष्ठिर नारदाला सांगतो की हा जय मला पराजयासारखा वाटतो. तोही या पत्त्यावरचा माणूस नाही, कारण त्याला उमगलंय. याला अजून उमगायचंय.

शिवडी_बंदर
बरं, ती म्हण मागे घेतो. पण एक शंका. या पत्त्याला शुक्र कुंभेत असं देतात. कुंभेचा स्वामी शनी, आणि शुक्र-शनी तर मित्र. मग हार येते कुठून?

कोरी_चिठ्ठी
गोल्डन डॉनची वाटणी सायन, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या राशींची. त्यातला कुंभेचा पहिला द्रेष्काण, म्हणजे राशीचा पहिला तिसरा हिस्सा, साधारण २० ते २९ जानेवारी. आपल्या पंचांगात सूर्य कुंभेत जातो फेब्रुवारीच्या मध्याला. दोन्ही एकत्र केलीत की खिचडी. शिवाय तिथे पाचाचा आकडा कबाला या ज्यू गूढपरंपरेतल्या गेबुरा या पाचव्या स्थानाचा, मंगळाच्या कडक जागेचा. शुक्राला समेट हवा असतो, त्या जागी त्याचं बळ पुरत नाही. टॅरोच्या चारही रंगांच्या पंज्या तशाच: काठ्यांची झटापट, पेल्यांची निराशा, नाण्यांची चिंता आणि ही.

घड्याळ_उलटं
मी यातलं काही मानत नाही, पण हिशोब तरी नीट करा. ७८ पत्ते. तीन पत्ते काढले तर ही पंजी येण्याची शक्यता २६ त एक, दहा काढले तर जवळपास १३ टक्के. ‘माझ्या भांडणात नेमकी हीच आली’ यात नवल ते काय? आणि अर्थ कुणालाही बसतो. १९४८ मध्ये फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना स्वभाववर्णनाचा एकच मजकूर दिला, ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून. ‘किती जुळतं’ याला त्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. त्यात पावसाळ्यात दमट हवेने पत्ते चिकटतात, वरच्यावर चार हात पिसून गठ्ठे तसेच राहतात.

गिरगाव_७८
गठ्ठ्यांचं खरं आहे. सगळे पत्ते टेबलावर पसरून दोन्ही हातांनी घोळवावेत, मग गोळा करावेत. फोररचंही मान्य. म्हणूनच अर्थ आधी ठरवून ठेवायचा आणि मोघम बोलायचं नाही.

कोरी_चिठ्ठी
अर्थ आधी ठरवायचा यावर तरी आपलं जमलं. आता शेजारचे पत्ते. पुढे तलवारींची छक्की आली, ती नावेची, तर निघून जाण्याची वाट आहे. न्यायाचा पत्ता आला तर ‘कोर्टात जिंकाल’ म्हणू नका, कागद तपासायला सांगा. त्याचा आकडा वेटच्या संचात ११, जुन्या फ्रेंच मार्सेच्या संचात ८, त्यामुळे आकड्यावरून अर्थ लावणारे तिथे हमखास घसरतात. काठ्यांची पंजी आली तर पाच जणांची नुसती ढकलाढकली, नुकसान अजून व्हायचंय.

आणि तलवारींची सत्ती आली तर ती पंजीच्या शेजारी ठेवून मोजा. सत्तीत चोरपावलांनी निघालेला माणूस पाच तलवारी उचलतो, दोन मागे रोवलेल्या राहतात. पंजीतही दोन खालीच. गंमत म्हणजे बहुतेक जण हातातल्या तलवारी मोजतात, खालच्या नाही.

गिरगाव_७८
खालच्या दोन त्या पळालेल्यांच्या. वेटही तेच म्हणतो.

कोरी_चिठ्ठी
हो, आणि त्या अजून कुणी उचललेल्या नाहीत. पार्किंगवाल्याने ठराव झाल्यावर लेखी हरकत दिलीच नसेल, तर ती एक खाली पडलेली आहे. सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागितली नसेल, तर दुसरी. याला तुम्ही नुसती हार म्हणता?

घड्याळ_उलटं
हे सांगायला पत्ता कशाला लागतो?

गिरगाव_७८
प्रत मागायला नाहीच लागत. पण ‘हार’वर मी कायम आहे. इतिवृत्त हातात येईपर्यंत गाडी रस्त्यावरच उभी राहणार ना?