सिस्टिक फायब्रोसिस: सूज कमी करणारं औषध बडोद्यात शोधावं का?

दांडियाबाजारकर
माझं मत सरळ आहे, शोधावं. सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे जनुकबदलामुळे फुप्फुसात चिकट कफ साचत जाणारा जन्मजात आजार. अलेंबिक ही औषध कंपनी १९०७ साली इथेच सुरू झाली आणि तिच्या तीन संस्थापकांत आपले प्रा. कोटीभास्कर होते. रसायनं घडवणं या गावाला नवं नाही. आज या आजारावर तीन औषधांची जी एकत्र गोळी आहे (अमेरिकेत मंजुरी २०१९), तिचा तिथला खर्च वर्षाला ३ लाख डॉलरच्या घरात जातो. ती दुरुस्त करते सीएफटीआर हे पेशीतून क्षार ये-जा करू देणारं प्रथिन, तेही ठरावीक जनुकबदल असतील तरच. एफ५०८डेल हा बदल युरोपात बहुतेकांत सापडतो, आपल्याकडे त्याचं प्रमाण कमी. फुप्फुसातली सूज मात्र बदल कुठलाही असो, असतेच.

छातीचा_डॉक्टर
काका, सूज दाबणं इतकं सोपं असतं तर हवं काय होतं! न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी इलास्टेज हे प्रथिनं तोडणारं द्रव्य सोडतात आणि श्वासनलिकांच्या भिंती खातात, हे खरं. पण त्याच पेशी स्यूडोमोनास या जिवाणूला थोपवूनही धरतात. ल्युकोट्रिन बी४ या सूज वाढवणाऱ्या द्रव्याचा रिसेप्टर अडवणारं बीआयआयएल २८४ हे प्रायोगिक औषध रुग्णांना दिलं, तेव्हा छातीचे त्रास कमी होण्याऐवजी वाढले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचंही तेच: फुप्फुसांना थोडा फायदा, पण मुलांची उंची खुंटली, साखर बिघडली. लेनाबासम हे सूज कमी करायचं दुसरं प्रायोगिक औषधही मोठ्या चाचणीत टिकलं नाही. एवढं सगळं पाहून कुठली कंपनी पैसे घालेल?

दांडियाबाजारकर
मग आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची साधी गोळी? १९९५ साली अमेरिकेत ८५ रुग्णांवर ४ वर्षं चाचणी झाली. मोठा डोस घेणाऱ्यांची फुप्फुसं हळू बिघडली, लहान मुलांत फायदा सर्वांत ठळक होता. गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळणारी गोळी! पेटंट संपलेल्या औषधाचा प्रचार करायला एमआर (कंपनीचा विक्री प्रतिनिधी) येत नाही, एवढंच.

छातीचा_डॉक्टर
एवढंच नाही. रक्तातली पातळी ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली ठेवावी लागते. डोस कमी पडला तर न्यूट्रोफिलची ये-जा उलट वाढू शकते. वर पोटातल्या रक्तस्रावाची आणि किडनीची भीती. कृपया कुणी हे वाचून घरी सुरू करू नका.

रावपुऱ्याची_मावशी
तुम्ही दोघं फार पुढचं बोलताय. माझ्या भाचीला हाच आजार, पण तिला आधी टीबीचीच औषधं चालू होती. घामातल्या क्लोराइडची तपासणी (लिटरमागे ६० मिलिमोलच्या वर गेलं तर संशय पक्का होतो) कुणी सुचवलीच नाही. मुलांचं निदानच झालं नाही तर नवा रेणू, म्हणजे नवं औषध, देणार कुणाला?

छातीचा_डॉक्टर
मावशी, शंभर टक्के. मला विचाराल तर पहिला रुपया घामाच्या तपासणीला.

कलाभवनचा_फार्मसीवाला
मी काकांच्या बाजूचा, पण अर्धाच. नव्या रेणूचा नाद सोडा. रक्तातली आयबुप्रोफेनची पातळी एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजता येते आणि ती यंत्रं फार्मसी कॉलेजांत असतात. तपासणी स्वस्तात झाली तर जुनं औषध तरी नीट वापरता येईल. अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही आहेच, सूज कमी करायला आठवड्यातून तीनदा देतात. आपल्याकडे ते साध्या सर्दीलाही वाटतात, हा वेगळा वैताग. आणि जुनाट खोकल्याच्या मुलाला ते देण्याआधी टीबीच्या चुलत जंतूंसाठी कफ तपासलेला बरा, नाहीतर त्यांना अझिथ्रोमायसिनचा प्रतिकार जडतो.

दांडियाबाजारकर
पातळी मोजायला माझी हरकत नाही. पण मॉड्युलेटर (तीच तीन औषधांची गोळी) घेणाऱ्यांच्या आधीच रुंदावलेल्या श्वासनलिकांतही थोडी सूज उरतेच. तिच्यावर कोण काम करणार?

रावपुऱ्याची_मावशी
करा हो काम. आधी मला सांगा, घामाची तपासणी बडोद्यात नक्की कुठे होते?