मदत हवी आहे: वडिलांसाठी कीर्तनाचे व्हिडिओ कुठनं उतरवून घेऊ?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात असतो, बाबा कणकुंबीला. मलप्रभा नदीचा उगम तिथला, पाऊस धो धो, रेंज मात्र खिडकीच्या गजाला मोबाईल टेकवला तरच! त्यांना रात्री कीर्तन आणि कुस्ती लागते. यूट्यूबवर डाउनलोड करून दिलं, पण ते त्या ॲपातच राहतं, पेनड्राइव्हवर जात नाही. प्रीमियम घेतलं तरी ३० दिवसांत एकदा नेट लावावंच लागतं. एका साइटवर गेलो तर डाउनलोडची चार बटणं. चुकीचं दाबलं आणि मोबाईलभर जाहिराती, त्याही कन्नडमध्ये. तुम्ही कुठं बघता, कुठनं उतरवता? चोरीचं नको. इंटरनेट आर्काइव्हवर (नेटवरचं मोफत संग्रहालय) मराठी कीर्तनं कुणाला मिळालीत काय? गणपतीला गावी जाणार आहे, त्याआधी सांगा.